माशाच्या अंगावर लॅम्प्री दिसली तर काय करायचं

गळाला लागलेला लेक ट्राउट मासा वर घेतला आणि त्याच्या छातीखाली हातभर लांब, राखट-तपकिरी, चट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी लोंबताना दिसलं, तर पहिली गोष्ट ही की ते पाण्यात परत जाऊ द्यायचं नाही. बाकीचं सगळं नंतर. आपली माणसं नेमकी इथंच चुकतात. कोणी किळस येऊन झटकून टाकतं, कोणी ‘जाऊ दे, जीव आहे’ म्हणून सोडतं, कोणाला वाटतं वाम मिळाली. वाम नाही ती. दुसऱ्या माशांना चिकटून त्यांचं रक्त पिणारी सी लॅम्प्री आहे, आणि ती आणखी बऱ्याच माशांचा जीव घेणार आहे.

मी मूळची वेंगुर्ल्याची, आता मिशिगन राज्यात ह्युरॉन सरोवराच्या काठी, अल्पीना गावात राहते. उन्हाळ्यात डेट्रॉइट, शिकागो, टोरांटोकडची मराठी मंडळी इकडं येतात, चार्टर बोटी करतात, आणि संध्याकाळी मला फोटो पाठवून विचारतात, ‘ताई, हे काय चिकटलंय? मासा खायचा का?’ दरवेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढते. अमेरिका-कॅनडातल्या ग्रेट लेक्स या पाच मोठ्या सरोवरांच्या काठी कुठंही राहत असाल, मग ते मिलवॉकी असो, क्लीव्हलंड असो की हॅमिल्टन, यातलं सगळं तुम्हाला लागू आहे.

आधी हा प्राणी इथं आला कसा ते सांगते, कारण ते कळलं की पुढचे नियम पटतात. सी लॅम्प्री अटलांटिक महासागरातली. समुद्रात मोठी होते आणि अंडी घालायला नदीत चढते. ओंटारिओ सरोवरात तिची नोंद १८३५ सालची आहे, पण त्याच्या वरच्या चार सरोवरांची वाट नायगरा धबधब्यानं अडवली होती. सुमारे ५० मीटरचा तो कडा तिला चढता येणं शक्यच नव्हतं. माणसानं मात्र १८२९ मध्ये जहाजांसाठी धबधब्याला वळसा घालून वेलंड कालवा काढला. पुढं तो रुंद आणि खोल होत गेला, आणि १९२१ साली लॅम्प्री ईरी सरोवरात सापडली. तिथून मिशिगन, ह्युरॉन करत १९३८ पर्यंत ती थेट सुपीरिअरला पोचली.

महासागरात मोठे मासे आणि लॅम्प्री हजारो पिढ्या एकत्र वाढले, तिथं बरेच मासे तिचा चावा सोसून जगतात. इथल्या लेक ट्राउटला आणि व्हाइटफिशला ही सवयच नव्हती. एक लॅम्प्री सरोवरात रक्तावर जगते ते साधारण १२ ते १८ महिने, आणि तेवढ्यात ती १८ किलोपर्यंत मासे मारू शकते. लॅम्प्री येण्याआधी वरच्या सरोवरांतून अमेरिका आणि कॅनडा मिळून वर्षाला सुमारे १.५ कोटी पौंड लेक ट्राउट काढत असत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आकडा ३ लाख पौंडांवर आला. अतिमासेमारीचाही त्यात वाटा होता, पण कंबर मोडली ती लॅम्प्रीनं. ह्युरॉनकाठची गावंच्या गावं मासेमारीवर जगणारी होती. आपण कोकणातली माणसं, बंदरावरचा धंदा बसला की घराघरांत काय होतं हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आधी ओळख पटवा

वाम आणि लॅम्प्री यांत फरक करायला तीन ठिकाणी बघायचं. डोळ्यामागं बघा. वामीला कल्ल्याचं एकच झाकण किंवा फट असते, लॅम्प्रीला एका ओळीत सात उघडी भोकं असतात, दोन्ही बाजूंना. मग छातीशी बघा. वामीला कल्ल्यांमागं पर असतात, लॅम्प्रीला तिथं काहीच नसतं. जोडीचे पर तिला नाहीतच, खवलेही नाहीत, आणि चिरलीत तर आत हाड सापडत नाही, नुसती कूर्चा.

तिसरी खूण तोंड, आणि ती एकदा पाहिली की आयुष्यात पुन्हा गोंधळ होत नाही. मानेशी घट्ट धरून तोंड आपल्याकडं वळवा. जबडा नाहीच. गोल वाटीसारखं तोंड, कडेला बारीक मऊ झालर, आत पिवळट-नारिंगी टोकदार दात, एकाआत एक वर्तुळांत बसवलेले. मधोमध घशाच्या तोंडाशी जीभ, तिलाही दात. चिकटताना हे तोंड पूर्ण पसरतं, डोक्याहूनही रुंद होतं. एकदा चिकटली की ती जिभेनं खवले आणि कातडी खरवडत मांसापर्यंत जाते, आणि तिच्या लाळेमुळं रक्त गोठत नाही. मासा पोहत असतो, जखम वाहत राहते, आणि ही पीत राहते. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे तोंड जरूर दाखवा. माझ्या भाच्यांना मी दाखवलं, तेव्हापासून ती बोटीवर आलेला प्रत्येक मासा उलटसुलट करून बघतात.

एक सावधगिरी. या सरोवरांत लॅम्प्रीच्या चार जाती मूळच्या इथल्याच आहेत. त्यांतल्या सिल्व्हर आणि चेस्टनट या दोन माशांना चिकटतात, पण त्या लहान असतात आणि इथले मासे त्यांच्याबरोबरच वाढलेले आहेत. ब्रूक लॅम्प्रीच्या दोन जाती तर कोणाला चिकटतही नाहीत. यांना मारायचं नाही. फरक पाठीवर दिसतो. सी लॅम्प्रीच्या पाठीवर दोन वेगवेगळे पर असतात, मध्ये स्पष्ट जागा. सिल्व्हर आणि चेस्टनटला एकच सलग पर, मधे फक्त खाच. शिवाय वाढलेली सी लॅम्प्री ३० ते ५० सेंटीमीटर भरते आणि अंगावर गडद ठिपक्यांची नक्षी असते. तेव्हा सरोवरात, मोठ्या माशाला चिकटलेली, फूटभराहून लांब, पाठीवर दोन सुटे पर असलेली लॅम्प्री दिसली तर शंका ठेवू नका. नदीत दिसलेल्या वीतभर लॅम्प्रीला मात्र हात लावू नका, फोटो काढा आणि राज्याच्या नॅचरल रिसोर्सेस (नैसर्गिक संपत्ती) खात्याच्या माणसाला दाखवा.

बोटीवर

ती बहुतेक वेळा माशाच्या पोटाकडच्या बाजूला, छातीच्या परांच्या आसपास चिकटलेली असते. तिथं खवले बारीक, कातडी मऊ, आणि काळीज जवळ. म्हणून मासा काठाशी आला की नुसत्या पाठीकडं बघून भागत नाही.

मासा पाण्याबाहेर येताच लॅम्प्री पुष्कळदा स्वतःहून सोडते आणि पाण्यात पडते. म्हणून दोरी धरून मासा उचलायचा नाही. जाळी खालून घाला, पुरेशी खोल घाला, मासा आणि ती दोन्ही एकदम जाळीत आली पाहिजेत. बारीक विणीची रबरी जाळी असेल तर उत्तम. मोठ्या भोकांच्या जाळीतून ती सुळकन निसटते.

आत आल्यावर तिला उघड्या हातानं धरायला जाऊ नका. चावेल म्हणून नव्हे, ती बुळबुळीत असते, हातात राहत नाही. जुन्या टॉवेलचा तुकडा किंवा सुती हातमोजा घ्या. भोकांच्या ओळीच्या किंचित मागं घट्ट पकडा आणि माशाच्या अंगाला समांतर, बाजूला सरकवा. सरळ वर ओढली तर माशाचं मांस तिच्या तोंडाबरोबर फाटतं. बाजूला सरकवली की तोंडाखाली हवा शिरते आणि पकड सुटते.

मग लगेच मारा. मानेशी सुरी चालवा, भोकांच्या मागं, एका फटक्यात. बादलीत पाणी घालून जिवंत ठेवणं, घरी नेऊन दाखवणं, गळाला आमिष म्हणून लावणं, यातलं काहीही करायचं नाही. मेलेली लॅम्प्री पिशवीत बांधून किनाऱ्यावरच्या कचऱ्यात. ‘जीव आहे’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की एका मादीच्या पोटात ३०,००० ते १ लाख अंडी असतात. तुम्ही शरद ऋतूत मारलेली मोठी लॅम्प्री ही पुढच्या वसंतात नदी चढणारी लॅम्प्री असते. जीव वाचवायचाच असेल तर तो ट्राउटचा वाचवायला हवा.

एक नियम पक्का लक्षात असू द्या. माशाला जखम आहे म्हणून कायदा बदलत नाही. लांबीची मर्यादा, दिवसाला किती मासे, कुठला हंगाम, सगळं तसंच लागू. बंद हंगामात किंवा कमी लांबीचा मासा आला तर लॅम्प्री काढा आणि मासा हलक्या हातानं, ओल्या हातानं, परत सोडा. जखम कितीही वाईट दिसली तरी तो ठेवता येत नाही. आणि नियमात बसणारा मासा असेल, जखम ताजी आणि खोल असेल, तर तो मी सोडत नाही, ठेवते आणि माझ्या कोट्यात धरते. तसा मासा जगण्याची शक्यता कमी असते. परिस्थिती वाईट असेल तर हल्ला झालेल्या सातांपैकी एकच मासा वाचतो.

जखम वाचायला शिका

लॅम्प्री दिसली नाही तरी तिची खूण दिसते, आणि मला विचाराल तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. सरोवरात लॅम्प्री किती आहेत हे कळायला शास्त्रज्ञ ज्या गोष्टी मोजतात त्यांत माशांच्या अंगावरच्या खुणा मोठ्या जागी आहेत. ती नजर तुम्हालाही यायला हवी.

खूण गोल असते, बहुधा २ ते ४ सेंटीमीटर रुंद, आणि कडेला दातांच्या वर्तुळाचा ठसा. गळानं झालेली जखम फाटलेली असते, पक्ष्याच्या चोचीची खोक लांबट असते, जाळीचा वळ आडवा असतो. नीट गोल, मधे खड्डा असलेली दुसरी जखम या पाण्यात सहसा नसतेच.

खुणांचे दोन प्रकार मानतात. ए प्रकार म्हणजे कातडी फुटून मांस दिसतंय. बी प्रकार म्हणजे वरवर खरवडलंय, खवले गेलेत, पण कातडी शाबूत. प्रत्येकाचे पुढं चार टप्पे, १ म्हणजे ताजी आणि ४ म्हणजे पूर्ण भरून आलेली. बोटीवर इतक्या बारकाईची गरज नाही. तुम्ही तीन गोष्टी बघा. खड्डा आहे का? त्यातलं मांस लाल आणि कच्चं आहे, की कडेनं नवी पांढुरकी कातडी येऊ लागली आहे? आणि एकाच माशावर अशा किती खुणा आहेत? बोट किंवा नाणं शेजारी ठेवून फोटो काढा, दोन्ही कुशींचे. पोटाकडची बाजू विसरू नका.

मी अनेकदा पाहिलंय की मोठ्या, जुन्या ट्राउटच्या अंगावर भरून आलेल्या दोन-दोन, तीन-तीन खुणा असतात आणि मासा मात्र ठणठणीत. लॅम्प्री मोठा मासा निवडते, आणि मोठा मासाच तिला पुरून उरतो. लहान ट्राउटवर भरलेली खूण क्वचित दिसते, कारण तो भरून येईपर्यंत टिकतच नाही. म्हणून ‘खुणा कमी दिसल्या, म्हणजे लॅम्प्री कमी’ असा हिशोब सरळ करता येत नाही. मेलेले मासे तळाला जातात, ते आपल्या जाळीत येत नाहीत. जखमांचा जोर उन्हाळ्याच्या शेवटापासून वाढतो. वर्षभर पोसलेल्या लॅम्प्री तेव्हा सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात भुकेल्या असतात. ऑगस्टनंतर बोटीवर जाणाऱ्यांनी प्रत्येक मासा उलटा करून बघायची सवय लावून घ्या.

खायचा की नाही

खायचा. लॅम्प्रीच्या जखमेमुळं मासा विषारी होत नाही. जखमेभोवती दोन बोटं जागा सोडून तेवढा भाग कापून टाका. आतलं मांस रंगानं आणि वासानं नेहमीसारखं असेल तर बाकीचा मासा वापरा. जखमेत पू, बुरशी किंवा हिरवटपणा असेल, किंवा मासा खंगलेला असेल, डोकं मोठं आणि अंग सुकलेलं, तर मी तो घेत नाही.

खरी काळजी वेगळी आहे आणि तिचा लॅम्प्रीशी संबंध नाही. लेक ट्राउट तेलकट मासा आहे, बरीच वर्षं जगतो, आणि या सरोवरांत पूर्वी सोडलेली पीसीबीसारखी रसायनं त्याच्या चरबीत साठतात. मासा जितका मोठा तितकी जास्त. आपल्याला तेलकट मासा दिसला की बांगड्यासारखी तिरफळं आणि आमसुलं घालून आमटी करावीशी वाटते. मोठ्या लेक ट्राउटची तशी आमटी करू नका. चरबी सगळी रसात उतरते आणि आपण तो रस भाताबरोबर ओरपतो. कातडी काढा, पाठीच्या कण्यालगतची, पोटाकडची आणि कुशीच्या मधल्या गडद पट्ट्याची चरबी काढून टाका, आणि जाळीवर भाजा, म्हणजे उरलेली चरबी खाली गळून जाते. असं केल्यानं चरबीतली रसायनं निम्म्यापर्यंत कमी होतात. पारा मात्र मांसात असतो, तो कापून किंवा भाजून जात नाही. म्हणून राज्याचं मासे खाण्याबद्दलचं मार्गदर्शक पत्रक बघा, त्यात सरोवर, मासा आणि लांबी यांनुसार महिन्याला किती खावं ते दिलेलं असतं. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांच्या आयांनी तर बघितल्याशिवाय शिजवूच नये. आमटीच हवी असेल तर व्हाइटफिश घ्या, त्याला तिरफळ छान लागतं.

लॅम्प्री स्वतः खातात का, हाही प्रश्न येतो. पोर्तुगालमध्ये आणि फ्रान्समध्ये ती मेजवानीचा पदार्थ आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहराची राजघराण्याला लॅम्प्रीचा ‘पाय’ (pie, पिठाच्या आवरणात भाजलेला पदार्थ) पाठवायची जुनी प्रथा आहे, आणि २०१२ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला त्या पदार्थासाठी लॅम्प्री गेल्या त्या इथूनच, कारण तिकडं त्यांची संख्या घटून त्यांना संरक्षण द्यावं लागलं आहे. पण इथल्या लॅम्प्रीत पारा फार असतो. तुम्ही शिजवू नका.

नदीकाठी

सरोवरात दिसते ती लॅम्प्री आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातली. खरं आयुष्य ती नदीत काढते. वसंतात नर-मादी नदी चढतात, तोंडानं दगड उचलून खडीत घरटं करतात, अंडी घालतात आणि मरतात. अंड्यांतून आलेल्या अळ्या आंधळ्या, बिनदाताच्या, गाळात पुरून घेऊन पाण्यातले बारीक कण खात राहतात. किती काळ? ३ ते १० वर्षं, कधी त्याहूनही जास्त. मग त्यांना डोळे आणि दात येतात आणि त्या सरोवरात उतरतात. म्हणजे या शत्रूला गाठायची जागा नदी. सरोवरात विखुरल्यावर त्या सापडत नाहीत.

१९५० च्या दशकात हे ओळखूनच काम सुरू झालं. आमच्या गावापासून वर, रॉजर्स सिटीच्या पलीकडं हॅमंड बे इथं तटरक्षक दलाच्या जुन्या ठाण्यात संशोधन केंद्र निघालं. तिथं व्हर्नन अ‍ॅपलगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६,००० रसायनं एकामागून एक तपासली. बरणीत ट्राउट आणि लॅम्प्रीच्या अळ्या एकत्र ठेवायच्या, रसायन घालायचं आणि कोण मरतं ते बघायचं. त्यातून टीएफएम सापडलं. बहुतेक मासे हे रसायन यकृतात पचवून बाहेर टाकतात, लॅम्प्रीच्या अळ्यांना ते जमत नाही. १९५८ पासून ते नद्यांत वापरात आलं, आणि आज बहुतेक भागांत लॅम्प्री पूर्वीच्या मानानं ९० टक्क्यांनी कमी आहेत. हे काम १९५५ मध्ये दोन देशांनी करार करून उभारलेला ग्रेट लेक्स फिशरी कमिशन चालवतो.

तुमचं घर किंवा शेतीवाडी नदीकाठी असेल तर उन्हाळ्यात कधीतरी दारावर किंवा स्थानिक बातम्यांत नदीत हे रसायन सोडण्याच्या प्रक्रियेची सूचना येईल. ती वाचा. पाण्यात रसायन आहे म्हटल्यावर आपले लोक घाबरतात, फोनाफोनी करतात, आणि मग कोणीतरी अमुक नदीत विष घातलं असा निरोप पुढं धाडतं. सूचनेत सांगितलेलं एवढं करा: नदीचं पाणी बागेला किंवा पिकाला २४ तास देऊ नका, आणि आमिषाचे जिवंत मासे नदीच्या पाण्यात कोंडून ठेवले असतील तर त्यांना दुसरं पाणी द्या, कारण गर्दीत आधीच त्रासलेले मासे मरू शकतात. त्या दिवसांत नदीत काही मेलेल्या अळ्या आणि थोडे मेलेले मासे दिसतील. या उपायाचं मोल शून्य नाही. इथल्या मूळच्या लॅम्प्रींच्या अळ्याही मरतात, मडपपी या पाण्यातल्या उभयचर प्राण्याला धोका असतो, आणि स्टर्जन माशाच्या पिल्लांना जपण्यासाठी काही नद्यांत वेळ पुढं ढकलावी लागते. मला त्याचं वाईट वाटतं. तरीही मी या प्रक्रियेच्या बाजूनं आहे, कारण ती थांबली की काय होतं ते आपण नुकतंच पाहिलंय. करोनाच्या प्रवासबंदीत २०२० आणि २०२१ मध्ये बऱ्याच नद्या राहून गेल्या, आणि नंतरच्या वर्षांत लॅम्प्री पुन्हा वाढल्या.

बंधाऱ्यांबद्दलही सांगते. ट्राउट आणि सॅमन उडी मारतात, सी लॅम्प्रीला उडी येत नाही. अर्ध्या मीटरच्या आसपासची सरळ पायरी तिला अडवते. म्हणून नदीवर दिसणारा एखादा बुटका, बिनकामाचा वाटणारा बंधारा कित्येक मैलांची खडी वाचवत असतो. मिशिगनच्या उत्तर भागात मॅनिस्टीक नदीवरचा बंधारा जीर्ण झाला, लॅम्प्री त्यातून वर गेल्या, आणि ती नदी मिशिगन सरोवराला लॅम्प्री पुरवणाऱ्या मोठ्या नद्यांत जमा झाली. तेव्हा बंधाऱ्याच्या खाली पकडलेला कुठलाही मासा, अळी किंवा चिखल बंधाऱ्याच्या वर नेऊन सोडू नका. बंधाऱ्याच्या भिंतीला भगदाड किंवा बाजूनं पाणी वाहताना दिसलं, किंवा बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला मोठी लॅम्प्री दिसली, तर त्याच दिवशी राज्याच्या नॅचरल रिसोर्सेस खात्याला कळवा. ओंटारिओत प्रांताची आक्रमक प्रजातींसाठी हेल्पलाइन आहे. ठिकाण, तारीख, फोटो, एवढं पुरतं. नदीत लोखंडी पिंजरे दिसतील, ते चढणाऱ्या लॅम्प्री पकडायला लावलेले असतात. मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नका, झाकणं उघडू नका.

बोट एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेताना नांगराला आणि दोरीला लागलेला गाळ तिथंच धुवा, बुडाचं आणि टाकीतलं पाणी काढा, सगळं वाळू द्या. बोटीच्या बुडाला हात फिरवून बघा, लॅम्प्री बोटीलाही चिकटते. आमिषाची बादली कधीही पाण्यात उलटी करायची नाही, उरलेलं आमिष कचऱ्यात.

माणसाला चिकटते का? क्वचित. तिला थंड रक्ताचे मासे हवे असतात. सरोवरात लांब पल्ल्याचं पोहणाऱ्यांना चिकटल्याची उदाहरणं आहेत, पण ती हातानं काढता येते. मुलांना पोहायला पाठवताना ही भीती मनात ठेवू नका, लाटांची ठेवा.

गावाकडून येणाऱ्या प्रश्नाचंही उत्तर देऊन टाकते. उजनीत जाळ्यात येणारा काटेरी खवल्यांचा सकरमासा आणि ही लॅम्प्री एक नव्हेत. सकरमासाही परका आणि उपद्रवी आहे, पण तो तोंडानं दगडांवरचं शेवाळ खरवडतो, रक्त पीत नाही. भीमेत लॅम्प्री नाही.

आता धक्क्यावर आल्यानंतरचं. उन्हाळ्यात बऱ्याच बंदरांवर खात्याची माणसं क्लिपबोर्ड घेऊन उभी असतात. दमलेलो असतो, कूलर जड असतो, मुलं कुरकुरत असतात, तरी दोन मिनिटं थांबा आणि त्यांना मासे उघडून बघू द्या. किती तास गळ टाकला, किती मासे आले, जखमा किती, लॅम्प्री चिकटलेली होती का, हे सगळं खरं सांगा. काही मिळालं नसेल तर तेही सांगा, त्याचीही नोंद होते. २०२४ मध्ये सुपीरिअर सरोवराच्या बहुतेक भागात लेक ट्राउट पुन्हा पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं, ते अशा नोंदी दशकानुदशकं ठेवल्यामुळंच सांगता आलं. ह्युरॉन आणि मिशिगनमध्ये अजून बरंच बाकी आहे.

आणि माशाची पाठ शेपटीकडं नीट बघा. मोठ्या पराच्या मागं एक बोटाच्या पेराएवढा मऊ, मांसल पर असतो. तो कापलेला असेल तर मासा हॅचरीतून, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रातून, सोडलेला आहे, आणि त्याच्या नाकाडात केसाएवढ्या तारेची खूणतार असू शकते. अशा माशाचं मुंडकं कालवणासाठी ठेवू नका. पिशवीत घाला, माशाची लांबी, वजन, पकडल्याची जागा आणि तारीख चिठ्ठीवर लिहा, जखमा असतील तर त्याही लिहा, आणि खात्याच्या मुंडकी गोळा करण्याच्या ठिकाणी द्या. पुष्कळदा बंदराजवळच्या आमिषाच्या दुकानात त्यासाठी फ्रीझर ठेवलेला असतो. दुकानदाराला विचारलं की तो दाखवतो.